पहिली किक सगळ्यात शेवटी: वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी ब्रिटिश मोटारसायकल रस्त्यावर आणताना

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एकाने नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यातून नॉर्टन उचलली. सतरा वर्षं उभी होती. घरी आणली, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतलं आणि गल्लीतली पोट्टी जमलेली पाहून लागला किक मारायला. चाळीसेक किका झाल्या. गाडी चालू झाली नाही, पण ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) काळं ऑइल फरशीवर वाहिलं आणि किकचा पेडल उलटा येऊन पोटरी निळी पडली. मग मला फोन: "ठिणगी आहे, पेट्रोल आहे, मग अडतं कुठं?"

असे फोन वर्षातून तीन-चार येतात आणि चूक बहुधा एकच असते. आवाज ऐकायची घाई. जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं.

खालचा क्रम मी माझ्या नॉर्टन ईएस२ वर शिकलो. ४९० सीसी, एकच सिलिंडर, ७९ मिमी बोअर, १०० मिमी स्ट्रोक. बीएसए बी३३, मॅचलेस जी८०, एरियल अशा मॅग्नेटोवाल्या (बॅटरीशिवाय ठिणगी बनवणाऱ्या), ड्राय संपच्या (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) एक-सिलिंडर गाड्यांना थोड्याफार फरकाने हाच लागू पडतो. दोन सिलिंडरवाल्यांचं दुखणं वेगळं, ते इथे नाही.

## १. पैसे देण्याआधी: नंबर आणि कागद

पातळ कागद आणि पेन्सिल घेऊन जा. इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर कागद ठेवून घासून उतरवून घ्या. मोबाईलच्या फोटोत उजेड खोटं बोलतो, पेन्सिल बोलत नाही. अक्षरं एका रेषेत नसतील किंवा नंबराखालची जागा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत असेल, तर तो नंबर घासून पुन्हा ठोकलेला समजा आणि हात जोडून घरी या.

कागद १९५६ आधीचे असतील तर त्यांवर महाराष्ट्र सापडणार नाही. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यामुळे कागद खोटे ठरत नाहीत, फक्त आरटीओच्या खिडकीवर समजावून सांगायला वेळ लागतो. शहरात एमएच-३१, ग्रामीणला एमएच-४० आणि पूर्व नागपूरला एमएच-४९. तुमचा पत्ता कोणाकडे येतो ते आधी पाहा.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ पासून वेगळी विंटेज नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० आणि मुदत दहा वर्षं. मूळ नंबर चालू असेल तर तो ठेवता येतो.

सावधान: विंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. रोज चालवायचा विचार असेल तर कोणत्या नोंदणीत जायचं ते अर्ज करण्याआधी ठरवा.

## २. हत्यारं: तुमचा १४ चा पाना बाजूला ठेवा

या गाड्यांचे बोल्ट मेट्रिक नसतात. व्हिटवर्थ, बीएसएफ, सायकल थ्रेड आणि वायरिंगच्या बारीक स्क्रूंना बीए, असा जुन्या ब्रिटिश आट्यांचा चार घरचा संसार असतो. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या दांड्याचा व्यास असतो, पान्याच्या तोंडाचं माप नसतं. म्हणून १/४ डब्ल्यूचं तोंड भरतं सुमारे १३.३ मिमी. त्याला १३ चा पाना जात नाही आणि १४ चा सैल बसतो. ५/१६ डब्ल्यू म्हणजे १५.२ मिमी, तिथेही तीच रड. सैल पाना किंवा स्क्रू पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी, मग वेल्डिंग. पुढचं सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

३/१६ ते १/२ डब्ल्यूपर्यंतचा रिंग पान्यांचा एक संच घ्या. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा संच, इंचातला घ्या. तुटलेला बोल्ट बनवून घ्यायला हिंगणा एमआयडीसीतला कुठलाही चांगला लेथवाला चालेल, पण नमुन्याला जुना बोल्ट न्या आणि आटे मोजून सांगा. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश असतो, मेट्रिकचा ६०. "जवळजवळ बसतो" असं कोणी म्हणालं तर तो बोल्ट परत करा. जवळजवळ बसणारा बोल्ट अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या डब्यातले) आटे खाऊन टाकतो.

## ३. इंजिन मोकळं आहे का, ते किकने पाहू नका

आधी सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. आपल्याकडे उभ्या गाडीत कुंभारमाशी मातीचं घर हमखास करते. माझ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या तोंडातही एक होतं.

प्लग काढा. भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑइल आणि डिझेलचं मिश्रण सोडा. दोन दिवस हात लावू नका. मग गाडी स्टँडवर, प्लग बाहेरच, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करा. पिस्टन हलला की झालं. नाही हलला तर पुन्हा मिश्रण, आणखी आठवडा.

सावधान: अडकलेलं इंजिन किकने सोडवायला जाऊ नका. किकचे दाते तुटतात, आणि ते मिळवणं पिस्टन मिळवण्यापेक्षा कठीण.

ते मोकळं झालं की उघडायची सुरसुरी येते. आवरा. चालणारं इंजिन "एकदा बघून घेऊ" म्हणून उघडल्यामुळे पाच वर्षं पोत्यात राहिलेलं मी पाहिलंय.

## ४. ऑइल: इथे सगळ्यात जास्त गाड्या मरतात

बुलेट चालवणाऱ्यालाही हे नीट माहीत नसतं, म्हणून सविस्तर.

या गाड्यांचं ऑइल इंजिनाखाली राहत नाही, बाजूच्या टाकीत राहतं. पंपाचे दोन भाग असतात. एक टाकीतलं ऑइल इंजिनाला देतो, दुसरा खाली साचलेलं उपसून टाकीत परत टाकतो. नॉर्टनचा पंप गिअरचा. गाडी उभी राहिली की त्याच्या झिजलेल्या फटींतून टाकीतलं ऑइल आपल्या वजनाने झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. महिनाभरात अर्धी टाकी, वर्षभरात सगळी. वरून टाकी रिकामी दिसते, माणूस वाटेल तितकं नवीन ऑइल ओततो आणि किक मारतो. खाली ऑइलचा तलाव, फ्लायव्हील त्यात गरगरतं, प्लग भिजतो, ब्रीदरमधून धार लागते. महालातल्या नॉर्टनचं हेच झालं होतं.

म्हणून असं करा:

१. क्रँककेसच्या खालचा ड्रेन प्लग काढून सगळं ऑइल भांड्यात घ्या. पांढरट, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. चमचमतं असेल तर धातू झिजलाय, आणि मग इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

२. ऑइलची टाकी उतरवा आणि रॉकेलने धुवा. तळाशी काळा लोण्यासारखा गाळ असतो, तो बोटाने काढा. आतली जाळी पिनेने टोचून नव्हे, ब्रशने साफ करा. या गाडीला कागदी फिल्टर नाही, जाळी हाच काय तो पहारेकरी.

३. ऑइल साधं, एका ग्रेडचं, मिनरल घ्या. नागपुरात मार्च ते जूनला एसएई ५०, हिवाळ्यात ४०. महागडं सिंथेटिक या फटींतून पाण्यासारखं निघून जातं.

४. प्राथमिक चेनच्या कव्हरात हेच जाड ऑइल ओतू नका, क्लच चिकटतो. तिथे एसएई २० पुरे. नॉर्टनचं ते पत्र्याचं कव्हर मधल्या एकाच नटावर आवळलेलं असतं आणि ते गळतं. नट जास्त आवळला की पत्रा वाकतो आणि आणखी गळतं. खाली ट्रे ठेवा, वाद घालू नका.

आता माझी गंमत. झिरपणं थांबवायला मी टाकीच्या नळीत एक छोटा कॉक बसवला. दोन महिने रोज आठवणीने उघडला. एके सकाळी पाहुणे आले, बोलता बोलता गाडी काढली, आणि काटोल रोडला चार किलोमीटरही झाले नसतील तर इंजिन कण्हल्यासारखं होऊन जागच्या जागी आवळलं. कॉक बंद होता. पिस्टन, बॅरलचं बोअरिंग आणि बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग), सगळंच गेलं. माझ्या जुन्या मिस्त्रींनी भाग हातात घेऊन फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, तेलाला कुलूप काहून लावलं?"

कॉक बसवू नका. त्यापेक्षा गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी असेल तर दर वेळी ड्रेन प्लग काढून खालचं ऑइल टाकीत परत ओता. पाच मिनिटांचं काम.

तपासा: प्लग बाहेर काढून वायरसकट इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारं लिव्हर) दाबून तीस-चाळीस किका हळू मारा. टाकीच्या झाकणातून परतीच्या नळीचं तोंड दिसतं. तिथून ऑइल येईपर्यंत पुढच्या पायरीला जायचं नाही.

## ५. ठिणगी: थंडीत चालते, गरम झाली की मरते

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्यामुळे बॅटरी नसतानाही गाडी चालू होते, आणि त्यामुळेच बुलेटवाल्यांची एक सवय इथे फसते. बुलेटमध्ये आपण अँपिअरचा काटा मध्यावर आणून किक मारतो. इथे तो काटा पॉइंटबद्दल (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या जोडीबद्दल) काहीच सांगत नाही. पिस्टन कुठे आहे ते पायालाच कळलं पाहिजे.

पॉइंटचं झाकण काढा. पॉइंटमधलं अंतर पूर्ण उघडलेलं असताना ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिमी. पॉइंटवर पांढरी-निळी बुरशी असेल तर बारीक कानशीने एक-दोन हात. मग हाय टेन्शन वायर जिथून निघते तो पिकअप काढा. आत कार्बनचा ब्रश आणि त्याच्यासमोर पितळी स्लिप रिंग असते. पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं पेन्सिलीला गुंडाळून आत धरा आणि इंजिन हळू फिरवा. फडकं काळं निघेल. निघायचं थांबेपर्यंत करा. निम्म्या "मेलेल्या" मॅग्नेटो एवढ्यावर जिवंत होतात.

प्लगची फट ०.४५ ते ०.५ मिमी. आजच्या गाडीच्या हिशोबाने ०.८ ठेवली तर मॅग्नेटोचा दम पुरत नाही. नवा प्लग घेताना जुन्याच्या आट्यांची लांबी मोजा. लांब प्लग पिस्टनला ठोकर मारू शकतो.

सावधान: प्लग हेडला किंवा इंजिनाच्या धातूला टेकवूनच ठिणगी पाहा. वायर हवेत लोंबकळत ठेवून किक मारली तर ठिणगी आतल्या गुंडाळीचं इन्सुलेशन फोडून वाट काढते. तसंच, आर्मेचर (मॅग्नेटोतला गुंडाळीचा फिरणारा भाग) स्वतःहून बाहेर ओढू नका. जुन्या चुंबकांची ताकद त्याने कमी होते.

आता नागपूरचा खास रोग. गाडी सकाळी एका किकेत चालू होते, पंधरा-वीस मिनिटं छान पळते, सिग्नलला बंद पडते आणि अर्धा तास काही केल्या चालू होत नाही. लोक कार्बोरेटर उघडतात, जेट बदलतात, पेट्रोलवर खापर फोडतात. दोष बहुधा आर्मेचरमधला असतो. आतला जुना कंडेन्सर तापला की काम सोडतो, किंवा गुंडाळीवरची लाख उष्णतेने मऊ होऊन पाझरते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४४-४५ ला जातो, त्यात इंजिनाची धग. इंग्लंडच्या हवेत आणखी दहा वर्षं निभावलं असतं ते इथे वर्धा रोडवर दगा देतं.

उपाय एकच: नवा, उष्णता सोसणारा कंडेन्सर आणि लाखेऐवजी इपॉक्सीत भिजवलेली नवी गुंडाळी. पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्याकडे देऊ नका. केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे असतात, तो वेगळा हात लागतो. मॅग्नेटोच भरणारा माणूस शोधा, तो कोल्हापूरचा असो की चेन्नईचा.

## ६. पेट्रोल

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर मऊ करतं, टाकीच्या आत कोणी लावून ठेवलेला जुना लेप सोलतं आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं. टाकीला लेप देऊच नका. मूठभर नट आणि रॉकेल टाकून, चादरीत गुंडाळून हलवा, तीन-चार वेळा धुवा. नळी इथेनॉल सोसणारी घ्या.

पेट्रोल कॉकमध्ये बुचाचं लाकूड असतं. ते वाळून आक्रसलेलं असतं म्हणून गळतं. पाण्यात उकळून घेतलं की फुगतं, मग बसवा.

अमल कार्बोरेटरचा पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत चुळचुळ आवाज आला तर तो फुटलाय. नाही आला तरी कढत पाण्याच्या वाटीत बुडवा. भोक कितीही बारीक असलं तरी बुडबुड्यांची माळ निघते, आणि ती जिथून निघते तिथे पेन्सिलीने खूण करा. आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय डाग द्यायला बसू नका.

## ७. थांबता येईल का?

गाडी चालू होण्याआधी थांबली पाहिजे. दोन्ही ड्रम उघडा, शू पाहा. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा. टायर कितीही ताजे दिसले तरी बदला. बऱ्याच गाड्यांना १९ इंची चाकं असतात, त्यामुळे बुलेटच्या मापातले टायर बसतात.

क्लच दाबून किक फिरवून पाहा. प्लेटा चिकटल्या असतील तर आत्ताच सोडवा, नाहीतर पहिला गिअर टाकताच गाडी भिंतीत जाईल.

बॅटरी सहा व्होल्टची. वायर जोडण्याआधी अर्थिंग कुठलं ते गाडीच्या पुस्तकात पाहा. लुकस कंपनीची वायरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक चेसिसला जातं. आपला इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस जोडून मोकळा होतो आणि नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर धूर सोडतो.

## ८. आता किक

जाड तळाचे, घोटा झाकणारे बूट. चपलेत किक मारणाऱ्याला मी गाडीजवळ येऊ देत नाही.

१. पेट्रोल उघडा. कार्बोरेटरवरचं टिकलर (पेट्रोल भरायचं बटण) बोटाने दाबा. बोटाला पेट्रोल ओलं लागलं की सोडा, वाहेपर्यंत नाही.

२. थंडीत एअर लिव्हर (कार्बोरेटरची हवा कमी-जास्त करणारं) बंद. मे महिन्यात बंद करायची गरज बहुधा पडत नाही.

३. डाव्या हातावरचं इग्निशनचं लिव्हर एक तृतीयांश रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल (लवकर पडते तो अॅडव्हान्स). केबल ताणली की अॅडव्हान्स होतं की सैल केली की, हे गाडीगाडीनुसार बदलतं. झाकण काढून डोळ्याने पाहून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. इथे उलटं झालं की पेडल घोट्यावर येतो.

४. किक हळू दाबा. एका जागी ती भिंतीला टेकल्यासारखी थांबेल. तिथे डीकॉम्प दाबा, पेडल आणखी दोन बोटं खाली सरकवा, डीकॉम्प सोडा, पेडल वर येऊ द्या.

५. थ्रॉटल जेमतेम उघडा. आता एकच किक, वरून खालपर्यंत, पूर्ण वजनाने. अर्धी किक नको. घाबरत मारलेली किकच उलटी येते.

पाच-सहा किकांत झालं नाही तर थांबा, प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. पेट्रोल बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडून दहा किका, मग कोरडा प्लग. कोरडा असेल तर पायरी सहाला परत जा.

चालू झाली! आता आनंदाने थ्रॉटल पिळू नका. आधी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. परतीच्या नळीतून आधी ऑइलची सलग धार येते, मग खालचं साचलेलं उपसलं गेलं की तीच धार तुटक होते, फेसाळत थुंकल्यासारखी. उपसणारा पंप देणाऱ्यापेक्षा मोठा असतो, म्हणून मध्ये हवा येते. ती तुटक, फेसाळ थुंकी दिसली की जीव भांड्यात पडतो. मिनिटभरात काहीच आलं नाही तर तात्काळ बंद.

## ९. पहिले शंभर किलोमीटर

गाडी धरली की इग्निशन पूर्ण अॅडव्हान्स करा. रिटार्ड ठेवून चालवणं ही उन्हाळ्यातली सगळ्यात महागडी चूक आहे. इंजिन भाजून निघतं, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो आणि माणूस म्हणतो, "जुनी गाडी आहे, तापणारच."

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नॉर्टनचा पहिला गिअर वर, बाकीचे खाली, जुन्या बुलेटसारखाच. ज्यांनी ती चालवली त्यांना दहा मिनिटांत जमतं. ट्रायम्फ घेतलेल्यांना मात्र पहिला खाली. घाबरल्या क्षणी पाय सवयीच्या बाजूला जातो, म्हणून आधी रिकाम्या मैदानात ब्रेक दाबायची तालीम करा.

पहिल्या फेऱ्या सकाळी सातच्या आत. सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, फुटाळ्याचा काठ. घरापासून ढकलत आणता येईल एवढंच अंतर. व्हरायटी चौक, सीताबर्डीची गर्दी आत्ता नको. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या गर्दीत थंड होत नाही, सिग्नल मोठा असेल तर बंद करा. वेग ६० च्या आत. पुढच्या वाहनापासून तुमच्या नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा, तुमचे ब्रेक गाडीच्याच वयाचे आहेत.

प्रत्येक फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, हेडचे नट, इंजिन धरणारे बोल्ट आणि सायलेन्सरचा क्लँप तपासा. हे इंजिन हादरून स्वतःच स्वतःला सोडवतं. शंभर किलोमीटरला ऑइल बदला. ते काळं कुळकुळीत निघेल, कारण आतला वर्षांचा गाळ सुटतोय. पुढे दर पंधराशेला.

रामटेकची फेरी यानंतर. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, सोबत प्लग, एक क्लचची केबल, थोडी तार, दोन पाने आणि अर्धा लिटर ऑइल.

## १०. उभी करताना

पेट्रोल बंद करून फ्लोटमधलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. इथेनॉलचं पेट्रोल आत आठवडाभर बसलं की जेटमध्ये हिरवट मळ धरतो. मग किक हळू दाबून पिस्टन भिंतीला टेकल्यासारखा थांबतो तिथे सोडा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, पावसाळ्याची ओल बॅरलमध्ये शिरत नाही. टाकीवर खडूने तारीख लिहा. तीन आठवडे उलटले असतील तर किकला पाय लावण्याआधी भांडं आणि ५/१६ चा पाना घेऊन खाली बसा.